झाकण

समुद्रावर निघताना मी बोटीची झाकणं तीनदा तपासतो.
बाप तपासायचा, त्याचा बाप तपासायचा.
ज्यानं एकदाच तपासलं त्याचं नाव
चर्चमागच्या दगडावर आहे.
दगडाखाली तो नाही.

म्हणून स्वालाचंही तीनदा.

कोटाच्या बटणाएवढं बटण,
बेंबीच्या वर, जरा डावीकडे.
ओठांना वळसा घालून पोटात जाणारी वाट.
आत फुगा, फुग्यात पाच मिली पाणी,
फुगा पोटात,
आणि आज पोट पाण्यात जायचं म्हणतंय.

दोन महिने नको म्हणाली होती रान्वेइग नर्स.
जखम भरू दे, मांस धरू दे, मग बघू.
काल तिनं बटण गोल फिरवलं,
भोवतालची कातडी बोटानं दाबली,
म्हणाली, तलाव चालेल. क्लोरीनचा, स्वच्छ.
गरम कुंडं नकोत. डबकी नकोत.
आणि समुद्र? मी विचारलं.
तिनं असं पाहिलं
की मी टोपी काढून हातात घेतली.

दूध तासाभरापूर्वीच संपवलं.
लांब नळी काढली, धुतली, पिशवीत.
पिशवीत आणखी एक बटण, सिरिंज, कापूस,
दवाखान्याचा नंबर, माझ्या अक्षरात, मोठ्ठा.
बटण निसटलं तर भोक कुणाची वाट बघत नाही.
नांगर उचलला की पाणी मिटतं,
तसं मिटायला लागतं.

आमच्या आइसलँडात तलावाआधी साबण, आणि साबणाआधी सगळे नागडे.
तेव्हा बटण सगळ्यांना दिसलं.
मोठ्यांनी छताकडे पाहिलं.
एक पोरगं, पुढचे दोन दात नसलेलं,
जवळ येऊन वाकलं:
"यातून तुझ्यात हवा भरतात?"
त्याच्या दंडावरच्या केशरी फुग्यांना
अगदी तसलंच झाकण होतं.
"हवा नाही," स्वाला म्हणाली. "जेवण."
"मटारसुद्धा?"
"मटार अडकतात."
"मलाही," तो म्हणाला आणि पळाला.
फरशी ओली आहे, पळू नका, असं ओद्दुर ओरडेपर्यंत
तो पाण्यात होता.

बाहेर उणे चार. फ्योर्डवरून वारा.
वाफेत माणसांची नुसती डोकी.
गरम कुंडात म्हातारे कॉडच्या भावावरून भांडत होते,
स्वालानं तिकडे बोट केलं, मी मान हलवली,
तिनं नाक मुरडलं.

पहिली पायरी.
दुसरी.
पाणी गुडघ्याला, पाणी मांडीला,
पाणी बटणाला.
पाण्यात उतरत होती ती,
आणि श्वास मी धरला होता.

काही झालं नाही.
पाणी बाहेर राहिलं, स्वाला आत गेली.

एक तळवा तिच्या पाठीखाली.
दुसऱ्याला काय काम द्यावं कळेना,
तो मी बटणावर छपरासारखा धरला.
"बाबा, हात काढ. बर्फ पडू दे."
काढला.
एक कण तिच्या पोटावर उतरला,
कडेकडेनं विरघळला, आणि ती खदखदून हसली,
इतकी, की पाठ सुटून पालथी झाली, पाय झाडले,
आणि मला जे दिसायच्या आधी दिसायला हवं होतं
ते तिलाच कळलं:
"बाबा, झाकण."

पाण्यात एक पांढरा धागा. सकाळच्या दुधाचा.
मी पोचेपर्यंत
तिनं दोन बोटांनी दाबलं होतं.
टिक.
मग अंगठ्यानं चाचपून पाहिलं.
मग पुन्हा.
कुणी शिकवलं म्हणून विचारायला तोंड उघडलं,
तर तोंडात पाणी गेलं. माझ्या.

नंतर आडोशाला कापसानं टिपलं, बटणाखालीसुद्धा.
लाली नाही, सूज नाही. सुकी पट्टी.

दारातल्या टपरीवर मी सॉसेज घेतलं.
तिनं बोटभर मोहरी चाटली, थरथरली,
पुन्हा चाटली.

गाडीत सिरिंज हातात उंच धरून बसलोय.
दूध उतरतंय, केसांतलं पाणी उतरतंय,
काचेवर वाफ.
"उद्या?"
"शनिवारी."
"बरं. मला त्याला विचारायचंय
मटार त्याच्या कुठे अडकतात."