उंट बसल्यावर

दलानझदगडला उणे एकतीस.
हवा इतकी कोरडी
की कडीशी बोट नेलं तर आधी ठिणगी भेटते, मग कडी.

देल्गेरमा लोकरीचा देल दाराबाहेरच उतरवते.
तेमुलेनलाही सांगते, स्वेटर काढ.
"आत थंडी वाजते, ताई."
"वाजू दे. ठिणगी त्याला लागली
तर तीन तालुक्यांची बोलणी जातील."

मनगटाला पट्टा. पट्ट्याची तार
कपाटाच्या उघड्या लोखंडाला, रंग खरवडलेल्या जागी.
अंगात साठलेलं सगळं मुकाट जमिनीत.
अर्थ लागला, की मगच हात लावायचा.

कार्ड मंगळवारपासून आजारी.
मधेच गप्प होतं, मधेच बरळतं.
वाळूपलीकडच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडद्यावर अर्धाच गोठतो.
सगळी वर्दळ आता शेजारच्या कार्डावर वळवलीय,
एक हात मोडला की दुसऱ्यानं जेवतात तशी.

तेमुलेन चौथ्या खाचेपाशी. दोन्ही खटके बोटांत.
"काढू?"

देल्गेरमा मोजत नाही, वाचते.
खाचेच्या माथ्यावर, धुळीखाली,
नखाएवढा आकडा: तीन.
"इथे शून्यापासून मोजतात, पोरा.
तू धरलंयस त्याच्या पाठीवर
आत्ता अख्खं गाव बसलंय."

त्याची बोटं सुटतात,
तापल्या तव्यावरून सुटावीत तशी.

ती ओरडत नाही.
"माझे वडील उंटांवरून घरं वाहायचे.
उभ्या उंटाची दोरी त्यांनी कधी सोडली नाही.
आधी सोग, सोग.
तो पुढचे गुडघे टेकतो, मग मागचे,
मग एकदा कण्हतो.
कण्हल्यावर दोरी."

मग कीबोर्डवर एक ओळ लिहिते:
पाचव्या खाचेतल्या, म्हणजे चार नंबरच्या कार्डाला
बस म्हणते.
हिरवा दिवा पिवळा होतो.
पिवळा
बराच वेळ पिवळाच.
पंखे घोंघावतात. तेमुलेनचा श्वास तेवढा थांबलेला.

विझला.

आता काचेच्या धाग्यांना आधी चिठ्ठ्या, मग टोप्या.
टोकात डोकावायचं नाही;
दिसत नसला तरी तिथे उजेड असतो.
खटके दोन्ही एकदम. कड धरून, सरळ.
जुनं कार्ड चंदेरी पिशवीत जातं,
नवं रुळांवर.

बोटभर उरलं असताना ते अडतं.
तेमुलेनचा अंगठा पुढे येतो.
"जोर नको."
ती कार्ड मागे घेते, आत विजेरी धरते.
पिना सगळ्या ताठ. फक्त खालची कड रुळावरून उतरलेली.
पुन्हा. हळू.
टक्.

दिवा पिवळा, मग हिरवा.
ती तरी दहा मिनिटं स्टुलावर बसून राहते,
पट्टा न सोडता.
उठलेला उंट चार पावलं चालेपर्यंत
लगाम हातात ठेवतात, म्हणे.

बाहेर देल चढवताना
तिच्या बाहीतून त्याच्या बोटावर चटकन ठिणगी उडते.
तो दचकून कपाटांकडे बघतो.
"इथे चालतं," ती म्हणते,
आणि थर्मासमधला खारा चहा
आधी त्याच्या कपात ओतते.