तळाचं पोतं

सगळ्यांना त्याचं एकच ठाऊक आहे.
ते बुलेटवालं. विसर्जनाला टिळक रोडवर
भिंतीएवढ्या स्पीकरांतून वाजतं,
ज्यात तो उसना गॉगल घालून
उसन्या गाडीवर उसनं हसतो.
एकवीस लाख व्ह्यूज. सोसायटीतल्या काकूसुद्धा नाचतात.

माझ्याकडे त्याचा जुना फोन आला.
स्क्रीन गेलेली, चार्जिंगची पिन सडलेली.
"इरशादभाई, फोन मेला तरी चालंल,
आतलं तेवढं काढ."

नितेश सकट. रॅपमध्ये तोलार.
बाप मार्केट यार्डात हमाल,
चाळीस वर्षं त्याच्या पाठीवरचं वजन
दुसऱ्यानंच वाचून दाखवलं.
म्हणून पोरानं हे नाव घेतलं.
आता काट्यावर आपण.

कांद्याची थप्पी बघितलीय कधी?
वरचं पोतं गिऱ्हाइकाला दाखवायचं.
तळाच्याला कुणी हात लावत नाही.
भार तेच पेलतं
आणि पाणी सुटतं तेही त्यालाच.

रात्री साडेअकराला मेमरी उघडली.
सदतीस फाईली. नावं नाहीत, नुसत्या तारखा.

एकीत बाप. बीट नाही काही,
पोतं उचलतानाचा त्याचा श्वास,
त्या श्वासाच्या मापात कापलेले शब्द:
हं, पन्नास. हं, पन्नास. हं,
मणक्यात गेले किती टन, पावती दाखवा.

एकीत बहीण. डायस प्लॉटच्या नळावर
तिच्या हंड्याचा नंबर,
आणि कॉलेजच्या फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात
ती सॅलिसबरी पार्क लिहिते ते.
हसू आलं मला. मग नाही आलं.

एकीत चेंबरमध्ये उतरलेला पप्या.
दोन मिनिटं नुसतं त्याचं नाव.
ओरडून नाही,
जेवायला हाक मारतात तसं.

एकोणिसावीत शटर वाजलं.

पहिल्याच ठोक्याला ओळखलं मी.
डाव्या पट्टीला गंज,
खाली येताना अर्ध्यावर किंचाळतं,
मग धाडकन.
माझंच.

एकदा सकाळी सकाळी आला होता,
मोबाईल पुढं धरून,
"भाई, परत एकदा ओढ ना. परत. आता जोरात."
सहा वेळा ओढलं मी, हसत हसत.
वर चहा पाजला.

आणि त्याच्या महिनाभर आधीची ती रात्र.
वस्तीत गाडी घुसली, दिसेल तो पोरगा आत.
नितेश माझ्याकडं पळत आला,
तीस पावलं, वीस,
त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला, तेसुद्धा दिसलं मला,
दहा,
आणि मी
घरातल्या दोन पोरी आठवून
खाली ओढलं.
बाहेरून तळहात वाजला. दोनदा.
तिसऱ्यांदा त्यानं वाजवलंच नाही.

गाण्यात शिवी नाही. माझं नाव नाही.
सहा ठोके, आणि सहाव्यानंतर
त्याचा आवाज, हळू, जवळजवळ बोलल्यासारखा:

एका पारड्यात चौकीतला पट्टा,
एका पारड्यात शटर.
काटा हलंना.
बाप म्हणतो, पोरा,
ज्याला लपायचंय त्याचंबी वजन असतंय.

दुसऱ्या दिवशी आला. केस बारीक केलेले,
नव्या गाण्याचं शूटिंग होतं म्हणे, लोणावळ्याला.
"निघालं सगळं?"
निघालं.
"एकोणिसावं?"
मी सोल्डरिंग गन पुसत बसलो,
ती स्वच्छच होती.
निघालं.

तीनशे रुपये काउंटरवर ठेवले त्यानं.
मी नको म्हटलं, तर म्हणाला,
"घे भाई. मजुरी कुणाची बुडवायची नसती."

कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात घातलं
आणि गेला, बटाट्याच्या टेंपोमागून.
कुणीतरी त्याला बघून
बुलेटवालं वाजवलं लगेच.

रात्री दुकान बंद करताना
शटर अर्ध्यावर किंचाळलं.
ग्रीसचा डबा हाताशीच होता.

तो मी अजून उघडलेला नाही.