नोंदीत तीन

उणे चौतीस.
दा-खूरीच्या गाडीबाजारामागे माझी व्हॅन,
व्हॅनमध्ये गॅसची शेगडी,
शेगडीजवळ लॅपटॉप. आधी त्याला ऊब, मग मला.
नवी किल्ली मी काखेत धरून बसतो
कोंबडी अंड्यावर बसते तसा.
गारठलेली चिप काही शिकत नाही.

नारमंदाख आली नालाइखहून,
खाणकामगारांना बूझ वाफवून विकणारी,
हातांना अजून मटणाचा वास.
गाडी जपानहून आलेली, जुनी, पांढरी,
स्टिअरिंग आमच्या रस्त्यांना उलटं.
दोन किल्ल्या होत्या, म्हणाली,
एक पोरानं बर्फाच्या घसरगुंडीवर घालवली.
आता वसंतातच सापडेल. सापडली तर.

लोकांना वाटतं किल्ली फिरते आणि गाडी सुरू होते.
ते दिवस गेले. आता गाडी अंधारात हाक मारते,
दर वेळी नव्या शब्दानं,
आणि किल्लीनं ओ द्यायची असते,
नेमकी, पापणी लवायच्या आत.
चुकली, की इंजिन मुकं.
गुरुकिल्ली असते ती म्हणण्यापुरती. माझ्याकडे नाही.
मी फक्त ओळख करून देतो:
ही तुझी. हिला ओ देता येते. हिला आत घे.

वायर जोडली. गाडीला विचारलं, ओळखीच्या किती?
स्क्रीनवर आलं: तीन.

मी दोनदा वाचलं. तिनंही वाचलं.

तिसरी कोणाची, ते यंत्र सांगत नाही.
नाव नाही, तारीख नाही, गाव नाही.
नारमंदाखचा चेहरा मात्र हिशेबाला बसला:
नवरा, चोइजिल. त्याचे शुक्रवारचे उशीर.
लांबची कुणी बहीण, जी कुणाचीच बहीण निघाली नव्हती.
पेट्रोलची एक पावती, भलत्याच गावची.

मी म्हणालो, पहिल्या मालकाची असेल, तिकडची.
नीगाताच्या बंदरात गाडी चढवताना
द्यायची राहून गेली असेल एखादी.
"तुला काय माहीत?"
मला काय माहीत.

खाली प्रश्न लुकलुकत होता.
इतर किल्ल्या पुसायच्या? हो. नाही.
तीस सेकंद.
मी बाहेर बघत राहिलो, कुणी कपडे बदलताना बघावं तसा.
तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला
(लोकरीचं बोट स्क्रीनला कळत नाही)
आणि स्वतःच दाबलं.
हो.

बर्फातली गेली. ती तिसरीही गेली,
जिथं असेल तिथं. तिला कुणी कळवलं नाही.

नवी किल्ली काखेतून काढून बटणाला टेकवली.
गाडी बोलली, रोजच्यासारखी, जपानीत, बाईच्या आवाजात.
"सांभाळून जा म्हणते," नारमंदाख म्हणाली,
आणि डॅशबोर्डला मान लववली.
ती म्हणत होती, टोलचं कार्ड घातलेलं नाही.
दोन वर्षं नीगातात टायर बदललेत मी, मला कळतं.
सांगितलं नाही. पैसे मोजून घेतले.

रात्री तिचा फोन.
"विचारलं त्याला, तिसरी कोणाची.
तर उलट मलाच विचारतोय, कोणाची.
दोघंही जेवलो नाही.
मग पोरगं म्हणालं, गाडीची असेल ना,
तिची स्वतःची."
पुढे हसली की काय, कळलं नाही. रेंज गेली.

शेगडी विझवून मी बराच वेळ तसाच.
समुद्रापलीकडे, कुठल्याशा ड्रॉवरमध्ये,
रबरबँड आणि औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली
एक किल्ली अजून कान देऊन पडली असेल,
हाक आली तर ओ द्यायची म्हणून.
बॅटरी अशीच संपते,
काही न करता.