उजवीकडची कळ

कोळशाची शेगडी पेटून अर्धा तास झाला,
तेव्हा कुठे संगणक जागे झाले.
अत-बाशीच्या शाळेत आम्ही नऊ शिक्षिका, एक शिक्षक,
आणि तो सगळ्यात मागे, दाराजवळ बसला,
पळायचं असलेली पोरं बसतात तसा.

मी भूगोल शिकवते. एकतीस वर्षं.
डोळे मिटून फळ्यावर तिएन-शान काढते,
निळ्या खडूनं नद्या,
आणि माझी एकही नदी आजवर चढावर चढलेली नाही.
पण त्या दिवशी तो इवलासा बाण
हाताखालून निसटला, पडद्याच्या कोपऱ्यात दडला,
आणि मी माऊस उचलून हवेत धरला,
आजारी पिल्लू उलटंपालटं करून बघावं तसा.
कोणी हसलं नाही.
तेच जास्त लागलं.

शिकवायला आला होता ओमुरझाक.
माझाच. सातवी ब.
"वाऱ्याला सीमा कुठे असते?" असलं काहीबाही विचारून
अख्खा तास खाणारा.
आता दाढी, बिश्केकचं जाकीट,
पण "एजे" म्हणताना मान अजून तेवढीच खाली.

"दोनदा दाबा, एजे."
दाबलं. एकदा.
मग बऱ्याच विचारानं आणखी एकदा.
"लागोपाठ."
मोडलं तर? पगारातून कापलं तर?
बोट कळीवर नुसतं थरथरत राहिलं.
तो जवळ येऊन हळूच म्हणाला,
"आम्ही गोंगाट करायचो तेव्हा
बाकावर अंगठी कशी वाजवायचात?"

टक टक.

फाइल उघडली.
आणि जुन्या सवयीनं
सगळी खोली चिडीचूप झाली,
ओमुरझाकसुद्धा.

मग त्यानं नाव लिहायला सांगितलं, कोणाचंही.
मी त्याचंच घेतलं, आणि पहिल्याच अक्षराला अडले.
आमच्या किरगीझमध्ये एक ओ असतो,
गोलाच्या कमरेला पट्टा बांधलेला.
रशियन कळांवर तो छापलेला नसतो.
पोस्टात, बँकेत, सरकारी अर्जांत
आम्ही बिनपट्ट्याचा ओ देऊन भागवलं.
याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तसाच गेला होता.
सही माझी होती.

"उजवीकडची ही कळ धरून ठेवा. सोडू नका. आता ओ."
धरून ठेवली.
गोल आला, कमरेला पट्टा बांधून.
"हे इथेच होतं?" मी विचारलं.
"इथेच होतं, एजे."
दाखल्याचं तो काही बोलला नाही.
मीही नाही.

सगळे गेल्यावर मी हजेरीपट घेऊन बसले.
अडतीस मुलं. एका बोटानं, एकेक नाव,
कोणाला पट्टा, कोणाला शेपूट,
ज्याचं त्याला.
सत्ताविसाव्या नावाशी वीज गेली.

अंधारात शेगडीची धग तेवढी उरली होती.
लिहिलेलं कुठे जातं,
आणि जाऊ नये म्हणून काय करायचं,
हे त्यानं अजून शिकवलेलं नाही.

उद्या पहिला प्रश्न माझा.
पुढच्या बाकावरून, हात वर करून.