केसपेपर

सुगंधा आदगोंडा मगदूम. एकसष्ट. समडोळी.
मिरजेच्या दवाखान्यात
शिकाऊ डॉक्टरीण खाली मान घालून लिहिते.

तंबाखू?
"न्हाई बाई." आई हसते,
मिश्रीनं काळे पडलेले दात दिसतात.

मीठ वरून घेता?
"ताटात डाव्या हाताला असतंयच की.
खारातली मिरची तर रोजची."

जळजळ कधीपासून?
"ह्यो पोटात हुता तवापासनं.
सोडा प्यायचा, ढेकर द्यायचा, भांगलायला जायचं."

वडील कशानं गेले?
"पोटदुखीनं."
तेव्हा एवढंच नाव होतं.
थोरला मामाही तसाच गेला,
हळद शिजवायच्या दिवसांत,
घास घास कमी करत.

पेन थांबतं.
पहिल्यांदाच ती माझ्याकडं बघते:
तुमचं वय?

मी खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपतो.
दहातल्या तीन उरल्यात,
आणि आज मंगळवारच आहे.