कोठी

रणनवरे आले ते रिक्षातून.
रायफल सतरंजीत, सतरंजीवर गजकेची पिशवी,
कुणी पाहिलंच तर मुरेनाहून पाहुणा आलाय असं वाटावं.

"बोल्ट उघडत नाही," म्हणाले.
"निवडणूक लागली. ठाण्यात जमा करायची
तर आधी कोठी रिकामी दाखवा म्हणतात."

तुमच्या घरी कोठी म्हणजे गहू, गूळ, कुलूप.
दौलतगंजातल्या आमच्या गल्लीत
नळीच्या मुळाशी असलेली बोटभर जागा,
काडतूस निजतं ती.

नळीच्या तोंडातून पितळी सळई सोडली, मोजत मोजत.
गोळी असती तर अलीकडेच थांबली असती.
गेली. आणखी गेली. तळाला टेकली.
"पुंगळी आहे आत. झाडलेली."
ते काही बोलले नाहीत. गजक मोडत राहिले.

तीन दिवस तेल आणि रॉकेल.
छुट्टन मियाँ म्हणायचे, जंगाशी भांडू नकोस,
पाजत राहा, तोच बोलेल.
चौथ्या दिवशी लाकडी हातोडीचे सात ठोके,
आठव्याला बोल्ट कुरकुरत मागे आला.
पुंगळी तिथेच.
सळईने ढकलली तेव्हा निघाली, हिरवीगार,
खांद्याखाली एक लांब ओरखडा घेऊन.

मग काडीला कापूस लावला
आणि कोठीत फिरवला, हळू, कान साफ करतात तसा.
नितळ धातूवर कापूस कापूसच राहतो.
घड्याळात साडेचार वाजतात त्या जागी
एक तंतू अडकला.
दुसऱ्यांदा तिथेच.
तिसऱ्यांदाही.
दिवा धरून पाहिलं: देवीच्या वणासारखे तीन खड्डे,
एकाच्या काठाला धार.

"कुणी ठेवली आत?"
"वडिलांनी. शिकारबंदीच्या आदल्या वर्षी,
शिवपुरीच्या बाजूला. चितळाची मादी होती.
गाभण निघाली.
त्यांनी बोल्ट परत ओढलाच नाही.
तशीच खुंटीला. आई दर दसऱ्याला पूजा करायची,
वरून पुसून."

"खड्डे भरता येतील?"
लोखंड भरत नाही, साहेब.
खड्डा नाहीसा करायचा
तर भोवतीची सगळी कोठी त्याच्याइतकी खोल घासावी लागते,
आणि सैल कोठीत पितळ फाटतं,
धूर झाडणाऱ्याच्याच डोळ्यांत.
मी फक्त ती धार बोथट केली.
बारीक कागद, तेल, शंभर फेरे.
थांबलो तेव्हा हात म्हणत होता, आणखी.

नव्या पुंगळीवर मेणबत्तीची काजळी धरली,
आत घातली, काढली.
काजळी सगळीकडे सारखी पुसली होती,
फक्त तीन काळे ठिपके जागच्या जागी.

"चालेल?"
"झाडू नका. दाखवण्यापुरती उघडेल."
त्यांनी बोल्ट मागे घेतला,
करंगळीचं टोक आत घातलं
आणि राहू दिलं.
हवालदार काही इतका वेळ बघणार नाही.

पावतीवर लिहिलं: कोठी साफ, दोष आहेत तसे. रुपये नऊशे.
जुनी पुंगळी पुडीत बांधून समोर ठेवली.
ती इथेच राहिली.
विसरले म्हणावं,
तर गजकेची पिशवी आठवणीने उचलली होती.