हळकुंडाचा आवाज

तेहतीस शेक झाले खारघरला.
शेवटच्या दिवशी घरी येऊन मी मीठ चाटलं.
काही नाही.
पांढरं, खरखरीत, कुणाचंच नसलेलं.

वाशीच्या मसाला मार्केटात सव्वीस वर्षं
दर माझ्या जिभेवर ठरायचा.
"कोयंड्यांनी चाखलंय," देवशीभाई एवढंच म्हणायचे
आणि पोत्याचं तोंड शिवलं जायचं.
मिरीचा दाणा दाताखाली धरून
वायनाडची की कूर्गची, ते सांगायचो,
तिकडे यंदा पाऊस किती झाला तेही,
थोडं फेकत.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला पगार होता.

आठ महिन्यांनी गाळ्यावर गेलो.
हातात बाटली, दर दोन मिनिटांनी घोट,
तोंडात लाळ म्हणून उरली नाही.
देवशीभाईंनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.
"बसा नुसते."
चहा आला. गरम होता, एवढं कळलं.

माझ्या स्टुलावर ओवेस होता, तुर्भ्याचा, बीएस्सी झालेला,
आणि ओलावा मोजायचं एक मशीन.
तो जिरं चघळायचा
आणि मी त्याच्या जबड्याकडे बघत राहायचो,
हेव्याने. खोटं कशाला सांगू.

मार्चात सांगलीचा ट्रक लागला.
हमालाच्या पाठीवरून पोतं निसटलं,
हळकुंडं फरशीभर सांडली
आणि मी पाठमोरा, बाटलीचं झाकण लावता लावता म्हणालो,
"ओली आहे. उतरवू नका."
ओवेसने मशीन लावलं. चौदा.
सगळे माझ्याकडे बघत होते,
मीही शोधत होतो, कोण बोललं.

मग एकेक हळकुंड कानाशी धरून मोडू लागलो.
सुकलेलं असेल तर टण्ण वाजतं, नाणं पडल्यासारखं.
मिरी पितळी थाळीत ओतायची, डोळे मिटून.
मिरची हलवायची, आत बिया किती सुट्या.
हे सगळं सव्वीस वर्षं माझ्या कानावर पडत होतं,
जीभ त्याला बोलू देत नव्हती.

परवा धण्यात चुकलो.
नऊ हजारांचा फटका. देवशीभाई काही बोलले नाहीत,
त्याचंच जास्त लागलं.

रजिस्टरात ‘चव’ असा एक रकाना आहे.
ओवेस लिहितो, "तिखट, मागून लिंबासारखं काहीतरी."
मी ‘काहीतरी’ खोडतो.
त्याला विचारतो, लिंबाची साल की रस?
तो पुन्हा चावतो, थांबतो.
"साल. हिरवी."
मला ती साल आठवते, अगदी टाळूपर्यंत.

खाली सही दोघांची.
आधी त्याची.